अ‍ॅकॉर्डियन फक्त साथीचंच वाद्य आहे का? मुलीला काय सांगू?

धंतोलीची आई

नमस्कार. माझी मुलगी दहावीत आहे. तिच्या आजोबांचा १२० बेसचा अ‍ॅकॉर्डियन ती लहानपणापासून वाजवते. गणपतीत, शाळेच्या गॅदरिंगला जुनी हिंदी गाणी वाजवली की लोक पुन्हा वाजव म्हणतात. पण आता ती बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या मागे लागून राहिली आहे. उजवा हात बसला, डावा काही केल्या बसत नाही. शिकवणारे सर म्हणतात, हे वाद्य गाण्याच्या साथीचं, याच्यासाठी कोणी स्वतंत्र लिहिलेलंच नाही. खरं आहे का हे? नुसता अ‍ॅकॉर्डियन घेऊन मैफल केली, त्यावरच आयुष्य काढलं, असं कोणी झालं का?

सदरचा भाता

ताई, मुलीच्या हातात खोट नाही. तिला वाद्य अडवत आहे.

डावीकडच्या १२० बटणांच्या ओळी सहा. चार ओळींत एक बटण दाबलं की तयार कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, वाजतो: मेजर, मायनर, सेव्हन्थ, डिमिनिश्ड. उरलेल्या दोन ओळींत सुटे स्वर. ती ४० बटणं दिसतात खरी, पण स्वर बाराच, तेच फिरून फिरून येतात. बाखचा खालचा आवाज, म्हणजे डाव्या हाताची सुरावट, दोन-दोन सप्तकं हिंडतो. तो तिथे मावणार कसा?

यावर उपाय निघाला फ्री बेसचा. म्हणजे डाव्या हातालाही सुट्या स्वरांची अनेक सप्तकं. आणि या वाद्याला मैफलीत नेणारा माणूस विचाराल तर मी पहिलं नाव मोगन्स एलेगार्डचं घेईन. डेन्मार्कचा, जन्म १९३५. त्याच्या तरुणपणी सरांचं म्हणणं जवळजवळ खरंच होतं: नाचाची गाणी, हलक्याफुलक्या रचना, आणि दुसऱ्या वाद्यांचं उसनं आणलेलं संगीत. एलेगार्डने आहे त्यावर भागवलं नाही. तो संगीतकारांना गाठत गेला, वाद्य मांडीवर घेऊन काय काय निघू शकतं ते दाखवत गेला.

१९५७ मध्ये त्याने ऑर्केस्ट्रासोबत एक कॉन्चेर्टो, म्हणजे एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना, वाजवला. संचालन ओले श्मिट या डॅनिश संगीतकाराचं होतं. त्याला वादक आवडला, रचना आवडली नाही. मग १९५८ मध्ये श्मिटने स्वतःच अ‍ॅकॉर्डियन आणि ऑर्केस्ट्रासाठी ‘सिम्फॉनिक फँटसी अँड अलेग्रो’ लिहिलं. पुढे ओघ सुरू झाला. स्वीडनच्या लुंडक्विस्टचं ‘मेटामॉर्फोसेस’ १९६५ चं, पेर नोरगोरचं ‘अ‍ॅनाटॉमिक सफारी’ १९६७ चं, नॉर्वेच्या आर्ने नॉर्डहाइमचं ‘डायनोसॉरस’ १९७१ चं. या शेवटच्यात अ‍ॅकॉर्डियनच्या जोडीला ध्वनिफीत आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भात्याकडे नव्याने बघायला लागलो. नुसत्या हवेचा श्वाससुद्धा संगीतात घेता येतो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं!

पण मला त्याचं दुसरं काम जास्त मोठं वाटतं. १९७० मध्ये कोपनहेगनच्या रॉयल डॅनिश अकादमीत त्याने अ‍ॅकॉर्डियन शिकवायला सुरुवात केली. व्हायोलिन, पियानोच्या बरोबरीने. शिष्यांनी तोच कित्ता आपापल्या गावी गिरवला: मात्ती रांतानेनने हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत, ओवेन मरेने १९८६ पासून लंडनच्या रॉयल अकादमी ऑफ म्युझिकमध्ये. १९९५ मध्ये एलेगार्ड गेला. नुसता वाजवून गेला असता तर चार रेकॉर्डी उरल्या असत्या. त्याने वाजवायला साहित्य आणि शिकायला जागा, दोन्ही मागे ठेवलं.

आपल्याकडे गुडी सिरवई, पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांनी चित्रपटसंगीतात जे वाजवलं ते मी डोक्यावर घेतो. साथ हलकी मानू नका. फक्त मुलीला दुसरी वाटही आहे हे कळू द्या.

काळी चार

हार्मोनियमवाला आहे, म्हणून थोडं बोलतो. आमच्या वाद्याला तर आकाशवाणीने १९४० ते १९७१ दारच बंद ठेवलं होतं. सूर ठरलेले, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, हा आक्षेप. आक्षेप अगदी चूक नव्हता. तरी गोविंदराव टेंब्यांनी, पुढे तुळशीदास बोरकरांनी एकल वादन उभं केलंच. ताई, मुलीला पेटीही वाजवू द्या, पण एक फरक सांगा. पेटीच्या आतला भाता हवा साठवून दाब सारखा ठेवतो. अ‍ॅकॉर्डियनमध्ये तशी साठवण नाही, म्हणून डाव्या हाताच्या ओढीने एकच स्वर फुलवता येतो, मिटवताही येतो. ते आम्हाला इतकं सहज जमत नाही.

धंतोलीची आई

दोघांचेही मनापासून आभार. तिने काल रात्रीच नॉर्डहाइम लावलं, आम्ही सगळे ऐकत बसलो. पण फ्री बेसचं वाद्य आम्हाला आज परवडणार नाही. तोवर काय करावं? आणि उन्हाळ्यात दोन-तीन रीड, म्हणजे आतल्या स्वर देणाऱ्या पट्ट्या, अडकून राहिल्या आहेत, ते कशाने?

सदरचा भाता

उन्हाचं आधी. बहुतेक अ‍ॅकॉर्डियनमध्ये रीड मेण आणि राळेच्या मिश्रणाने बसवलेल्या असतात. आपल्याकडचा मे महिना, त्यात गच्चीखालची खोली किंवा उन्हात उभी कार, म्हणजे मेण मऊ पडून रीड सरकते. खालच्या मजल्यावर, भिंतीला सूर्य लागत नाही अशा खोलीत ठेवा. केसमध्ये आडवा नको, वाजवताना असतो तसा उभा, म्हणजे आतल्या चामड्याच्या झडपा वाकत नाहीत. कूलरच्या झोतासमोर तर अजिबात नको, दमटपणाने रीड गंजतात. अडकलेल्या रीड घरी उघडू नका, जाणत्या कारागिरालाच दाखवा.

आणि बाखचं म्हणाल तर त्याच्या दोन आवाजांच्या इन्व्हेन्शन्स, म्हणजे छोट्या रचना, घ्या. वरचा आवाज तिने उजव्या हाताने वाजवावा, खालचा दुसऱ्या अ‍ॅकॉर्डियनवर दुसऱ्याने, तोही उजव्याच हाताने. भाता कुठे उलटायचा ते दोघांनी आधी पेन्सिलीने लिहून ठेवावं, नाहीतर वाक्य मधेच तुटतं. जोडीदार नसेल तर खालचा आवाज मी वाजवीन. सी मेजरची पहिली इन्व्हेन्शन बसवायला घ्या, आणि तुम्हीही तिच्यासोबत या.