थ्रू अ‍ॅक्सल: जोर नको, टॉर्क बघा
सायकलचा थ्रू अ‍ॅक्सल, म्हणजे चाकाच्या मधून आरपार जाऊन आट्यांनी घट्ट होणारा दांडा, 'अंगातला जोर लावून आवळा' असं काही जण सुचवतात, ते कृपया नको. अ‍ॅक्सलच्या डोक्यावर टॉर्कचा, म्हणजे पिळण्याच्या जोराचा, आकडा छापलेला असतो, बहुधा 10 ते 15 न्यूटन-मीटरच्या दरम्यान; तोच धरा. 12 न्यूटन-मीटर म्हणजे पान्याच्या 15 सेंटिमीटरच्या दांड्यावर साधारण 8 किलोचा जोर, बस! त्यापुढे अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात.

आटे पुसून पातळ ग्रीस लावा, ब्रेकच्या डिस्कला मात्र ग्रीसचं बोटही लागू देऊ नका. सायकल जमिनीवर उभी ठेवून चाक पूर्ण बसवा. पहिले तीन-चार वेढे हातानेच. अडकलं तर आटा तिरका चढतोय, उलटं फिरवून पुन्हा लावा. मग टॉर्क पाना (ठरवलेल्या जोराला आवाज करणारा) 'कट्' म्हणाला की थांबा. खात्रीसाठी पुन्हा पिळायची सवय वाईट.

फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला) पिंच बोल्ट, म्हणजे दांडा बाजूने आवळून धरणारे छोटे बोल्ट, असतील तर आधी अ‍ॅक्सल, मग फोर्क चार-पाचदा दाबून शेवटी ते बोल्ट आवळा.