कोळी 'निर्णय' घेतो का?

खडूफळा: आठवीच्या मुलांसाठी पोर्शिया या उड्या मारणाऱ्या कोळ्यावर लिहितेय. टार्सिटानो आणि जॅक्सन यांचा १९९७चा प्रयोग: उंचावर बसवलेल्या कोळ्याला दोन वाटा दिसतात. एक भक्ष्यापर्यंत जाते, दुसरी मध्येच तुटलेली. खाली उतरलं की भक्ष्य दिसेनासं होतं, तरी बहुतेक वेळा तो बरोबर वाट धरतो. मी लिहिलं, 'कोळी निर्णय घेतो.' तपासणाऱ्या बाईंनी खोडून 'सहजप्रेरणेने वळतो' केलं. काय ठेवू?

उंटावरचा: 'निर्णय घेणे' हे इंग्रजीचं पिल्लू. निर्णय करतात, देतात. टाचणीच्या डोक्याएवढ्या मेंदूला कोर्टकचेरीचा शब्द कशाला? 'ठरवतो' लिहा.

सांजवात: पिल्लू कधीच घरचं झालं. मंत्रिमंडळ रोज निर्णय घेतंच की.

माळकरी: 'ठरवतो' मलाही पटतं, पण कारण वेगळं. ठरणे म्हणजे मुळात थांबणे, हिंदीतलं ठहरना. हा कोळी तेच करतो. पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांना एका वेळी चिंचोळा तुकडाच दिसतो, म्हणून थांबून थांबून अख्खी वाट नजरेनं चाळतो आणि मग निघतो.

खडूफळा: बाईंचा आक्षेप कोळ्याला मन चिकटवण्यावर आहे हो.

गोठ्यातली: मग आमची म्हैस 'पान्हा चोरायची' त्याचं काय? आजी बसली की सोडायची, काकू बसली की चोरायची. चोरणं ही सहजप्रेरणा का? मराठीनं जनावराला मन केव्हाच देऊन टाकलंय.

उंटावरचा: ती बोलण्याची रीत झाली, व्याख्या नव्हे. पोर्शिया दुसऱ्या कोळ्याच्या जाळ्याचे धागे छेडतो. एक ताल लागू पडला नाही की दुसरा, आणि लागू पडला तोच धरून ठेवतो. याला मी चाचपडणं म्हणेन.

माळकरी: चाचपडणारा भक्ष्याकडे पाठ फिरवून वळसा घालत नाही.

सांजवात: प्रयोगात मादी असेल तर? 'कोळीण ठरवते'?

गोठ्यातली: कोळीण ठरवते तो पापलेटचा भाव! आणि तो कमी होत नाही.

माळकरी: हसू नका. प्राकृतात 'कोलिअ' म्हणजे विणकर, आणि हा जाळं विणणारा किडाही.

उंटावरचा: किडा नव्हे. पाय मोजा, आठ आहेत.

सांजवात: मग मासे धरणारे कोळी कुठून आले? तेही जाळं विणतातच ना?

खडूफळा: मला उद्या सकाळी लेख द्यायचाय.

माळकरी: द्या की. पण विणकराला आपल्याकडे कोष्टी म्हणतात, त्याचं मूळ...