स्प्लेंडरची क्लच केबल चार महिन्यांत दोनदा तुटली, महागातली केबल टाकावी का? वडिलांसाठी हलका क्लच हवा आहे

नमस्कार मंडळी,

केळापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. घरी २०१३ ची स्प्लेंडर आहे. वावरात जायचं असो, डेअरीवर दूध घालायचं असो की पांढरकवड्याहून औषध-खत आणायचं असो, हीच एक गाडी. मी आणि बाबा दोघंही चालवतो.

पेरणीच्या दिवसांत क्लच केबल तुटली, नवीन टाकली. ती परवा तुटली. दोन्ही वेळा एकाच जागी, हँडलच्या लिव्हरमध्ये निप्पल (तारेच्या टोकाचा धातूचा गोळा) बसतं तिथूनच. परवा दिवेलागणीला बाबा एकटेच वावरातून येत होते. पांदणीत चिखल, गाडीला दुधाच्या कॅन. रस्ता कोरडा असता तर पहिल्या गिअरमध्ये ढकलून चालू करून कसंतरी घरी येता आलं असतं, पण काळ्या मातीत चाकच फिरत नाही. दीड किलोमीटर गाडी ओढत आणली त्यांनी. घरी आले तेव्हा बोलायची ताकद नव्हती.

त्यांचं डावं मनगट मागे बैलाच्या धडकेनं मोडलं होतं. हाड जुळलं, पण जोर आला नाही. क्लच जड झाला की रात्री हात शेकत बसतात, सांगत मात्र नाहीत. म्हणून हा धागा काढतो आहे.

दोन्ही केबल स्थानिक दुकानातल्या होत्या, विनानावाच्या. मिस्त्री म्हणतो, कोणतीही टाका, तार ती तारच. मला ते पटत नाही. नवीन केबल टाकली की पंधरा दिवस क्लच लोण्यासारखा चालतो, मग दिवसेंदिवस जड होत जातो. क्लच प्लेट गेल्या वर्षीच बदलल्या आहेत. म्हणजे आत केबलमध्येच काहीतरी होतं आहे.

आतून टेफ्लॉनचं, म्हणजे गुळगुळीत प्लास्टिकचं, अस्तर असलेल्या केबल मिळतात असं वाचलं. त्यानं क्लच खरंच हलका होतो का? आमच्याकडे पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात गर्दा, त्यात ती टिकेल का? आणि पुढचा ब्रेकही केबलवरच आहे, ती पण सोबतच बदलू का?

प्रतिसाद

भाऊ, काकांचं वाचून वाईट वाटलं. मी वणीकडचा, गाड्यांचं काम करतो. आमच्याकडे कोळशाच्या ट्रकांची धूळ, त्यामुळे जड क्लच रोजच पाहतो.

अस्तराच्या केबलनं फरक नक्की पडतो. साध्या केबलमध्ये तार लोखंडी वेटोळ्यावर घासते, अस्तर असलं की घर्षण कमी होतं. पण आधी तुमची केबल का तुटते ते बघा, नाहीतर महागातली केबलही तिथूनच तुटेल. लिव्हर दाबताना निप्पल आपल्या खाचेत फिरायला पाहिजे. ते अडकलं की दर वेळी तार तिथंच वाकते, एकेक धागा तुटतो आणि एक दिवस सगळी जाते. तुमच्या लिव्हरची खाच झिजून लांबट झाली असणार. लिव्हर आणि त्याचा बोल्ट दोन्ही बदला, निप्पलला ग्रीस लावा. ही झाली तुटण्याची गोष्ट. जड होण्याचं कारण वेगळं आहे: गाडी धुता कशी?

धागाकर्ता

दादा, विहिरीवरच्या मोटरच्या पाइपानं. चिखल सुकला की दगड होतो, म्हणून धार हँडलवरही मारतो. लिव्हर आत्ताच काढून पाहिलं, खाच खरंच अंड्यासारखी झाली आहे.

प्रतिसाद

मग दोन्ही कारणं सापडली. धारेनं पाणी वरच्या टोकातून केबलमध्ये उतरतं, सोबत माती नेतं, आत गंज धरतो. हँडलवर धार मारूच नका, ओल्या फडक्यानं पुसा. केबलच्या वरच्या टोकावरचं रबरी बूट (टोपी) फाटलं असेल तर नवं घाला.

परदेशी केबल मागवायची गरज नाही. सुप्राजितसारख्या कंपन्या गाड्या बनवणाऱ्यांनाच केबल पुरवतात. तसल्या नावाजलेल्या कंपनीची किंवा शोरूमची घ्या. जुनी केबल सोबत न्या आणि नवी शेजारी धरून मापा. बाहेरच्या कव्हरची लांबी आणि कव्हरबाहेर राहणारी तार, दोन्ही जुळली पाहिजेत. अस्तराची असेल तर आत घट्ट ग्रीस भरू नका, गर्दा त्यालाच चिकटतो.

बसवताना जुनी जशी गेली होती त्याच वाटेनं न्या, कुठंही एकदम मुरड नको. लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी मोकळी चाल ठेवा, म्हणजे तार ताणली जायच्या आधी लिव्हर तेवढं सैल हललं पाहिजे. कमी ठेवली तर क्लच घसरून प्लेट जळतील. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, चाल बदलायला नको.

ब्रेकची केबल मोकळी करून तपासा. एक धागा जरी उसवलेला दिसला तरी बदला, तिथं पैसे वाचवू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर झटकन परत येत असेल तर ती केबल राहू द्या.

धागाकर्ता

खूप आभार दादा. उद्या सकाळी डेअरी झाली की जुनी केबल आणि लिव्हर घेऊन पांढरकवड्याला जातो. बसवल्यावर पहिली चक्कर बाबांनाच मारायला लावतो, हात कसा वाटतो ते विचारून इथं लिहितो. तोवर वावरात पायीच.