गावच्या घरात सगळे बल्ब एलईडी करायचेत, पण पावसाळ्यात टिकत नाहीत, काय करू?

चाकरमानी_गुहागर
नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात आमचं जुनं कौलारू घर आहे, आईबाबा तिकडेच असतात, मी ठाण्याला. घरात अजून निम्म्या ठिकाणी ६० आणि ४० चे पिवळे बल्ब, माजघरात आणि पडवीत चोकवाल्या जुन्या ट्यूब, देवघरात झिरोचा लाल बल्ब, तो तर रात्रभर चालूच. गणपतीला जाईन तेव्हा सगळं एकदम एलईडी करून टाकू म्हणतो, तेव्हा घर भरलेलं असतं आणि खळ्यापासून न्हाणीपर्यंत सगळे लाईट चालू, नंतरचं बिल बघवत नाही.
पण मागे बाबांनी थोडे एलईडी आणून लावलेले, ते पावसाळ्यात एका रात्रीत एकदम गेले. आता बाबा म्हणतात जुनेच बरे. आई म्हणते पांढरा उजेड नको, घर दवाखान्यासारखं दिसतं. आणि न्हाणीत एक एलईडी वाचलाय तो बटण बंद केलं तरी मंद पेटलेला राहतो, शेजारची काकी म्हणते बाहेरचं काहीतरी असेल 😅 कोणी सांगेल का नक्की काय करायचं?

वायरिंगवाला_चिपळूण
बाहेरचं काही नाही, तुमचं बटण फेजवर (करंटच्या वायरवर) नसून न्यूट्रलवर (परतीच्या वायरवर) आहे. जुन्या घरांत लाकडी पट्टीवरच्या वायरिंगमध्ये हे सर्रास सापडतं. बटण बंद केलं तरी फेज होल्डरपर्यंत आलेलाच असतो, त्यातून जो बारीकसा करंट झिरपतो त्यावर एलईडी मिणमिणतो, ६० च्या बल्बला तेवढ्याने काहीच होत नाही म्हणून इतकी वर्षं कळलं नाही. बटणात इंडिकेटर असेल तरी असं होतं, पण आधी टेस्टर लावून बघायला सांगा, कारण फेज असेल तर ओल्या न्हाणीत बल्ब बदलताना शॉक बसेल. हे काम पहिलं करा, गणपतीची वाट बघू नका.

आता बल्ब का गेले ते. एका रात्रीत सगळे गेले म्हणजे बल्बात खोट नाही. पावसात माडाची झावळ नाहीतर फांदी लाईनवर पडते, न्यूट्रल तुटतो, मग घरात २३० च्या जागी ४०० च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात, त्यात एलईडीच काय टीव्ही फ्रीज पण जातो. दुसरं म्हणजे वीज. वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात जी कडाडते ती लाईनीवरून घरात येते. दोघांचा इलाज वेगळा आहे, दुकानदार एकच डबी दाखवून दोन्हीला चालेल सांगतो ते ऐकू नका. ४०० व्होल्टसाठी मीटरनंतर ओव्हर-अंडर व्होल्टेजचा प्रोटेक्टर, विजेसाठी सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे एसपीडी. आणि एसपीडीला अर्थिंग चांगलं नसेल तर तो नुसता शोभेचा. आपल्याकडे जांभा, एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा होतो, त्यात पाणी ओतत राहायला सांगा बाबांना. एवढं करून अगदी घरावरच वीज पडली तर काहीच वाचत नाही, म्हणून गडगडायला लागलं की मेन स्विच खाली, हे आजी सांगायची तेच बरोबर.

पडवीतला
वरच्या काकांनी वायरिंगचं सांगितलं, मी उजेडाचं सांगतो. आईंना म्हणावं एलईडी पिवळा पण मिळतो, खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन, वॉर्म व्हाईट असं बघून घ्या. ६५०० म्हणजे तो दवाखानावाला. पिवळ्याला पावसाळी किडे पण कमी येतात, आमच्या पडवीत आधी पांढरी ट्यूब होती तेव्हा पाखरांचा सडा आणि त्यामागे पाली, जेवायला बसायची सोय नव्हती.

देवघरातला झिरोचा बल्ब आधी काढा. नाव झिरो पण खातो साधारण १५ वॅट, १२ तास चालला की महिन्याला ५ युनिटच्या वर. अर्ध्या वॅटचा एलईडी लावा, लाल रंगात मिळतो. ६० चा बल्ब रोज ५ तास म्हणजे महिन्याला ९ युनिट, तेवढाच उजेड ९ वॅटच्या एलईडीत सव्वा-दीड युनिटात. चोकवाली ४० ची ट्यूब चोक धरून ५० च्या आसपास जाते, एलईडीची २० वॅटची पट्टी पुरते. माळ्यावर, कोठीच्या खोलीत जिथे दिवसातून पाच मिनिटं लाईट लागतो तिथला जुना बल्ब राहू द्या, जाईल तेव्हा बदला.
हो, काचेच्या बंद हंडीत एलईडी घालू नका, गरम होऊन आतलं सर्किट लवकर मरतं. हंडीची हौस असेल तर वरून उघडी हवी.

माडाखाली_मालवण
आमच्याकडे पन दर पावसात ह्याच रडगाणा. बल्ब घेतल्यार बिल सांभाळून ठेवा, गॅरंटीत दुकानदार बदलून देता. आणि होल्डर आधी बदला हो! खाऱ्या वाऱ्यान पितळेक हिरवा काट चढता, स्प्रिंग ढिली पडता, मगे आत चरचर होता आणि बल्ब जाता, लोक शिव्या घालतत बल्बाक.

चाकरमानी_गुहागर
खूप धन्यवाद, बाबांना वाचून दाखवलं, न्यूट्रलचं ऐकून ते गप्प झाले कारण त्या रात्री खरंच आवाठात सगळ्यांचे टीव्ही गेलेले. अजून एक, खळ्यात आणि मागे समुद्राच्या बाजूला एक मोठा फ्लडलाईट लावायचा विचार आहे, ५० वॅटचा पांढरा. चालेल ना?

किनाऱ्यावरचा
खळ्यात लावा, समुद्राच्या बाजूला नको. गुहागर, आंजर्ले, वेळास या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालतात, पिल्लं बाहेर पडली की जिकडे उजेड तिकडे चालतात, त्यांना तो समुद्र वाटतो. घराचा झगझगीत लाईट दिसला तर वर वाडीत येतात आणि कुत्रे-कावळे टिपतात. लागलाच तर कमी वॅटचा पिवळा, खाली तोंड केलेला, सेन्सरवाला. आणि उघड्यावर लावताना आयपी ६५ लिहिलेलाच घ्या, नाहीतर एका पावसात आत पाणी.

पडवीतला
एक राहिलं. बिल खरंच कमी करायचं असेल तर बल्बांनंतर पंखे बघा. जुना पंखा ७५ वॅट, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा ३० च्या आसपास, आणि मे महिन्यात तो दिवसरात्र फिरतो, बल्ब फक्त संध्याकाळी. महावितरणचा पहिला स्लॅब १०० युनिटांचा, वरच्या युनिटांना दर बराच जास्त, त्यामुळे दोघंच घरात असताना १०० च्या आत राहिलं तर फरक चांगला जाणवतो.

वायरिंगवाला_चिपळूण
आणि काढलेले जुने चोक फेकू नका, भंगारवाला आतल्या तांब्याचे पैसे देतो. सीएफएल असतील तर त्या मात्र फोडू नका, पारा असतो, परसात पण टाकू नका.