रेड-नी टॅरँट्युलाचं पिल्लू बीळ बुजवून बसलंय, उकरू का?

प्रश्न: मेक्सिकन रेड-नी या मोठ्या, केसाळ कोळ्याचं (टॅरँट्युलाचं) पिल्लू आहे, पायांसकट दीड सेंटिमीटर. पारदर्शक डबीत 6 सेंमी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मातीसारखं भरलंय. तीन आठवडे खात नाही. बिळाचं तोंड आतून मातीनं बंद केलंय. डबीच्या भिंतीतून पोट टम्म फुगलेलं आणि चकाकताना दिसतं. रोज फवारा मारतो. उकरून बघू का?

अष्टपाद (उत्तर देणारा एक सदस्य): अजिबात नको. फुगलेलं चकचकीत पोट, उपास, बंद बीळ म्हणजे कात टाकायची तयारी. या जातीची पिल्लं महिना-दोन महिनेही आत बसतात. पाठीवर उताणं दिसलं तर मेलं समजून हलवू नका, कात तशीच टाकतात. मेलेल्याचे पाय पोटाखाली मुठीसारखे आवळलेले असतात. जिवंत खाद्य आत असेल तर आज काढा. कात टाकल्यावर अंग लोण्यासारखं मऊ असतं, रातकिडाच त्याला कुरतडतो. विषदंत आधी पांढरे, मग तांबूस, मग काळे होतात. काळे झाले की मगच खायला द्या, इतक्या लहानग्याला साधारण आठवडा.

कोकोपीट (दुसऱ्या सदस्याचं टोपणनाव): रोजचा फवारा बंद करा. वरची माती चिकचिकीत, हवा कोंडलेली, त्यातून बुरशी आणि बारीक किडे होतात. ड्रॉपरनं एकाच कडेला, भिंतीलगत पाणी सोडा. तळाचा ओला पट्टा फिका पडला की पुन्हा. दुसरी बाजू कोरडीच राहू द्या, कुठे बसायचं ते त्याचं त्याला कळतं. भोकं झाकणापेक्षा बाजूंना हवीत, टाचणी तापवून पाडलेली. डोकं-छातीचा भाग शिरेल एवढं भोक असलं की अख्खं पिल्लू बाहेर!

प्रश्नकर्ता: बरं. नंतर काय द्यायचं? आणि खोलीत डासांचं लिक्विड मशीन चालू असतं.

अष्टपाद: मशीन आधी बंद करा. त्यातलं औषध पायरेथ्रॉइड गटातलं, डासाला मारतं तसं कोळ्यालाही. डासांची अगरबत्ती, झुरळांचा स्प्रे, तेच. घरातलं पकडलेलं झुरळही देऊ नका, औषध खाल्लेलं असू शकतं. डोकं चिरडलेल्या मीलवर्मचा (खाद्य म्हणून मिळणाऱ्या अळीचा) तुकडा किंवा रातकिड्याची तंगडी पुरे, पाच-सात दिवसांनी एकदा. उरलेलं 24 तासांत काढा, नाहीतर मुंग्या. डबी पाण्याच्या ताटलीत वाटीवर ठेवली की मुंग्यांचा प्रश्न मिटतो.

कोकोपीट: बल्ब वगैरे लावू नका, 24 ते 28 अंश पुरे. बल्बनं माती सुकते, आणि कात अडकते ती बहुधा कोरड्यामुळेच. ही जात सायटिसच्या (वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट 2 मध्ये आहे. 2022च्या वन्यजीव कायदा दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी लागते, ती केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते. विक्रेत्याची कागदपत्रं जपून ठेवा. मादी निघाली तर वीस वर्षं सोबत राहील.