युनियन काढायचीय, पण एचआर म्हणतं वर्क्स कमिटी आहे ना

प्रेसशॉप_अंबड:
नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत ऑटो पार्टच्या कंपनीत आहे, नाव लिहीत नाही. पर्मनंट १६० च्या आसपास, बाकी कंत्राटी आणि ट्रेनी. पगारवाढीचा करार असा कधी झालाच नाही, एप्रिलमध्ये एचआर आकडा सांगतं आणि आपण सही करायची. मागच्या महिन्यात आम्ही १२ जण पाथर्डी फाट्यावर बसून युनियनचं ठरवलं, ते कसं काय वर पोचलं आणि दुसऱ्याच दिवशी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, वर्क्स कमिटी (मालक आणि कामगार दोन्हीकडच्या माणसांची कंपनीतली समिती) असताना युनियन कशाला, बाहेरचे पुढारी आले की कंपनी बंद पडते. त्या कमिटीत कामगारांचे म्हणून जे ५ जण आहेत त्यांना आम्ही मतच दिलेलं नाही, एचआरनी थेट बोर्डावर नावं लावली. घराचे हप्ते चालू आहेत. किती जण लागतात, आणि काढून टाकलं तर काय करायचं?

जुना_टर्नर:
भाऊ, संघटना करायचा हक्क घटनेतच आहे, कलम १९ (१) (ग). नोंदणीचा अर्ज ७ जणांच्या सहीनं होतो, पण सभासद एकूण कामगारांच्या १० टक्के किंवा १०० यातले जे कमी ते पाहिजेत, म्हणजे १२ वर भागणार नाही, कंत्राटी धरून हिशोब करा. आणि बाहेरच्या पुढाऱ्याचं म्हणाल तर पदाधिकाऱ्यांत बाहेरचे फार तर एक तृतीयांश किंवा ५, यातले कमी असतील तेवढेच, बाकी सगळे तुमच्यातलेच हवेत.
आमचं सातपूरला ९६ साली काय झालं सांगतो. निम्म्याच्या वर माणसं आमच्याकडं होती, गेट मीटिंगला रस्ता भरायचा, पण दोन महिने वर्गणीच्या पावत्याच फाडल्या नाहीत. महाराष्ट्राच्या १९७१ च्या युनियन मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांच्या कायद्यात मान्यतेला, म्हणजे कंपनीशी बोलणारी अधिकृत युनियन ठरायला, सलग ६ महिने ३० टक्के सभासद दाखवावे लागायचे, तपासणी अधिकाऱ्यानी रजिस्टर मागितलं आणि आम्ही तिथंच अडकलो. माणसं होती, कागद नव्हता. त्याचं आजही वाईट वाटतं. तेव्हा दर महिन्याला पावती फाडा, आणि मीटिंगचा ठराव त्याच दिवशी मिनिट बुकात लिहा.

कामगार_वकिली:
वर्क्स कमिटी रोजच्या कुरबुरीसाठी असते, कँटीन, पाणी, लाइट वगैरे. पगाराचा करार करणं तिचं काम नाही, त्यामुळं ती आहे म्हणून युनियन नको हे कायद्यात बसत नाही. युनियन करतो म्हणून धमकावणं, कामावरून काढणं किंवा मालकानी स्वतःच खिशातली युनियन उभी करणं याला १९७१ च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथा म्हटलंय, तक्रार ९० दिवसांत करायची असते. केबिनमध्ये काय बोलले ते तारीख वेळ घालून आजच वहीत लिहून ठेवा. अजून एक, २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता (युनियन आणि मालक-कामगार वादांचा नवा केंद्रीय कायदा) लागू झालीय, त्यात अनेक युनियन असतील तर एकट्यानं वाटाघाटी करायला ५१ टक्के लागतात. म्हणून ३० टक्क्यांवर थांबू नका.

सिन्नरची_ताई:
दादा, पॅकिंगच्या बायकांना विचारलंत का? आमच्याकडं युनियन झाली तेव्हा कमिटीत एकही बाई नव्हती, मग सेकंड शिफ्टच्या गाडीचा प्रश्न वर्षभर कुणी मांडलाच नाही, नंतर आम्ही भांडून निवडणूक लावली आणि एक जागा घेतली. आणि अप्रेंटिस पोरांना आत्ता पुढं करू नका, कायद्यानं ते कामगार धरले जात नाहीत, त्यांना मालक सहज घरी पाठवतो.

प्रेसशॉप_अंबड:
सगळ्यांचे आभार, ताई तुमचा मुद्दा खरंच डोक्यात आला नव्हता, पॅकिंगला २२ जणी आहेत. रविवारी परत बसतोय, या वेळी फाट्यावर नाही, एकाच्या घरी. पावती पुस्तक छापायला टाकलंय. प्रत्येक डिपार्टमेंटनी मताची चिठ्ठी टाकून आपला माणूस निवडायचा, पॅकिंगनी आपली बाई, आणि माझंही नाव त्या चिठ्ठीतूनच आलं तर येईल.