मदत हवी आहे: मुंबई–लंडन विमानप्रवास नेमका किती तासांचा धरायचा?

मंडळी, आई फेब्रुवारीत बहिणीकडे लंडनला जाते आहे, एकटीच. परत येईल एप्रिलच्या मध्यावर. ती मधुमेही आहे आणि रात्री दहाचं इन्सुलिन कधी चुकवत नाही. म्हणून प्रवासाचे तास मला पक्के करून हवेत.

नेटवर मुंबई ते हीथ्रो अंतर सुमारे ७,२०० किमी दिसतं. वेग ताशी ९०० किमी धरला तर आठ तास. तिकिटावर मात्र दुपारी १ ला निघून संध्याकाळी ५.३० ला पोहोच. या साडेचार तासांत घड्याळाचे साडेपाच मिळवले की होतात दहा! येताना रात्री ९.३० ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११ ला मुंबई. इथे साडेपाच वजा करायचे की साडेचार? आणि जाण्या-येण्याला वेगवेगळा वेळ का? डॉक्टरांना कुठला आकडा सांगू?

प्रतिसाद १
जाताना दहाच धरा. ७,२०० किमी म्हणजे पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजलेलं अंतर. विमान तसं सरळ जात नाही. कोणत्या देशाची हवाई हद्द खुली आहे, त्यावर वाट ठरते. तिकिटावरची वेळही गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. धावपट्टीसाठीची रांग आणि हीथ्रोवर उतरण्याआधीच्या घिरट्या त्यातच आल्या.

खरा फरक पडतो वाऱ्याने. विमान उडतं त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात तर फारच. लंडनला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. तासाभराचा फरक त्यामुळेच.

प्रतिसाद २
परतीला साडेचार वजा करा. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये घड्याळं तासभर पुढे करतात, त्यामुळे एप्रिलमध्ये आपल्यात नि त्यांच्यात साडेचार तासांचंच अंतर उरतं. साडेतेरातून साडेचार गेले, राहिले नऊ.

पण ताई, इन्सुलिनसाठी नुसते तास पुरणार नाहीत. आपल्या रात्री दहाला लंडनमध्ये दुपारचे साडेचार वाजलेले असतील, म्हणजे आई विमानातच, उतरायला तासभर बाकी. पश्चिमेला जाताना तो दिवस लांबतो. दोन डोसांमधलं अंतर कसं सांभाळायचं ते डॉक्टरच ठरवतील. त्यांना दोन्ही घड्याळांतल्या वेळा लिहून न्या, जेवणाच्याही. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा, खालच्या सामानात ते गोठून निकामी होऊ शकतं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवीच.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. दहाला ती विमानातच असेल, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दोन्ही वेळांचा तक्ता करून डॉक्टरांकडे जाते. मधुमेह असलेल्या कुणाच्या आई-वडिलांनी हाच प्रवास एकट्याने केला असेल, तर विमानात जेवण वेळेवर मिळावं म्हणून आधी काय सांगून ठेवलं होतं, तेही कृपया लिहा.